फुटबॉलपटूचा मुलगा

लॉकडाऊनमध्येही नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे डच आजोबा रोज टाय लावून गॅलरीत बसत. माझी लेक समोरच्या हिरवळीवर चेंडू खेळायला लागली, की ओरडत, "डावा पाय, डावा!"

"तुम्ही खेळायचात का?" मी एकदा दुरूनच विचारलं.

"मी नाही, वडील. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात देशाकडून खेळले. मग जर्मन आले आणि वडिलांच्या संघातल्या ज्यू मित्राला क्लबमधून काढलं. त्याच दिवशी वडिलांनीही क्लब सोडला. युद्ध संपेपर्यंत खेळायचं वय निघून गेलं."

"फार वाईट वाटलं असेल."

"मरेपर्यंत." आजोबांची पाठ ताठ झाली. "त्यांनी गोल किती केले, मला आठवत नाही. हे मात्र मी भेटेल त्याला सांगतो."