आत्याबाईंनी विमानात बसवलेला नाका

आत्याबाई आज सकाळी गेल्या आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता तरी माझी मुलं माझी होतील.

लिहितानाही लाज वाटतेय. पण आलाच तो विचार.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आष्टीकडच्या. नव्वदी ओलांडलेल्या.
स्वतःचं मूलबाळ नाही, आणि कुणाचंही मूल पाच मिनिटांत त्यांच्या मांडीवर. माझी दोन्ही धरून.

मी एमएस्सी. शिवाय पेरेंटिंगची तीन पुस्तकं वाचलेली.
त्यांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही.

दहा वर्षांपूर्वी नवऱ्याची बंगळुरूला बदली झाली. तो आधीच पुढे गेला होता. पुण्याहून विमानाने निघालो आम्ही चौघं. मी, पाच वर्षांची सई, अडीच वर्षांचा ओम आणि आत्याबाई.

माझी पंधरा दिवस तयारी चालू होती. टॅबमध्ये कार्टून, स्टिकर, रंगवायची पुस्तकं, दर वीस मिनिटांनी उघडायची एकेक पुडी, तीही गिफ्ट पेपरात. आयांच्या ग्रुपवर फोटो टाकून लाइकसुद्धा मिळवले होते.

विमान उडायच्या आत सगळ्या पुड्या फोडून झाल्या.

ओम सीटवर उभा राहून पुढच्या माणसाचे केस ओढायला लागला. सईने "मला घरी जायचंय" म्हणून भोकाड पसरलं. मी लाडीगोडी लावली, डोळे वटारले, शेवटी चिमटाही काढला. काही उपयोग नाही.

आत्याबाई त्या दोघांच्या शेजारी, खिडकीशी. मी मधली वाट सोडून पलीकडे.

"हिकडं बगा रं," त्या म्हणाल्या. "एक काम हाय. लई अवघड हाय, तुमाला जमायचं न्हाई."
दोघांनीही कान टवकारले.
"तुमच्या बुडाखाली लुगडं हाय. माज्या मायसाठी नगरहून आनलेलं. आता निजामाचा नाका येनार. नाकेवाल्याला दिसलं तर ठिवून घील. हालायचं न्हाई. उठलं की गेलं लुगडं!"

आत्याबाईंच्या लहानपणी आष्टी निजामाच्या राज्यात आणि नगर इंग्रजांच्या. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. नगरच्या बाजारातून येताना घरचे लोक बैलगाडीत मालावर लेकरं बसवायचे. त्यांना जागचं उठू न देणं, हे आठ वर्षांच्या आत्याबाईंचं काम. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

एअर होस्टेस ट्रॉली घेऊन आली.
"नाकेवाली आली," आत्याबाई कुजबुजल्या.
माझी मुलं अंड्यावरच्या कोंबडीसारखी घट्ट.
ज्यूस हवा का, तिने विचारलं.
"आमच्याकडे काही नाही!" सई म्हणाली. ओमनेही जोरजोरात मान हलवली.

ती हसून पुढे गेली. मुलं आत्याबाईंकडे बघून खुदकन हसली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

असा पाऊण तास.

मागच्या सीटवरच्या बाई मलाच म्हणतात, "नशीबवान आहात हं. आजी आहेत म्हणून निभावलं तुमचं."
माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी वाकले आणि म्हणाले, "सई, खाली काहीही नाहीये. आत्याआजी खोटं सांगतेय. उठून बघ."

सई उठली. सीट चाचपली. ओमला उठवून त्याचीही चाचपली. मग तिचा ओठ थरथरायला लागला.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

मग एकदम टाळी वाजवून म्हणाल्या, "कायच न्हाई? आरं, मग जिकलो की! नाका मागं पडला. तुमी नाकेवालीकडं बगत व्हता, तवर तुमच्या आयनं लुगडं काडून पर्समदी ठिवलं. लई हुशार हाय तुमची आय!"

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. असं पाहिलं की विचारू नका. त्याआधी कधी नाही, नंतरही कधी नाही.

विमान उतरेपर्यंत मी पर्स छातीशी धरून बसले होते. मुलं माझ्याकडे कौतुकाने बघत होती, आणि ते कौतुकसुद्धा आत्याबाईंनी दिलेलं. मी आणखीनच जळले.

दुसऱ्या दिवशी चहा करता करता विचारलं, "आत्याबाई, तुमचं खरं लुगडं पोचलं होतं का हो?"

"न्हाई ग. तुजा सासरा उटला ना. तीन वर्साचं पोर, बैल बगायला उटलं. नाकेवाल्यानं वडून काडलं लुगडं. मायला दोनच व्हती, ते तिसरं. जकात कशानं भरावं? ठिवून आलो तितंच."

"आई रागावली तुम्हाला?"

"एक सबुद बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं." मग हळूच म्हणाल्या, "लेकरांला सांगू नको बर का."

मी तेव्हा सॉरी म्हणायला हवं होतं. साखर किती घालू, असं विचारलं.
नंतरच्या दहा वर्षांतही म्हटलं नाही.

आता आम्ही परत पुण्यात असतो. आज दुपारी आष्टीला पोचलो. सई आता पंधरा वर्षांची आहे, माझ्याशी दारं आपटूनच बोलते. आत्याबाईंच्या पायाशी बसून ती हमसाहमशी रडत होती. आणि मी, तिची आई, तिथे उभी राहून विचार करत होते की माझ्यासाठी ही एवढी रडेल का.

येताना गाडीत ती म्हणाली, "आई, आत्याआजीच्या आईला ते लुगडं आवडलं होतं का ग?"

मी म्हणाले, "खूप. दर सणाला तेच नेसायची."

आत्याबाई, चुकले मी. सुखाने जा.