टर्फवरचा सडा

“आधी पाय. मग बॉल.”

शहाडला आमच्या भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी हे ऐकू यायचं. साडीचा पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी अशा बाई अंगणाच्या कडेला उभ्या असायच्या. बाई निवृत्त झाल्या होत्या, शिट्टी झाली नव्हती. अशा खेळाच्या बाई तुमच्याही शाळेत असतील. या बाईंनी निवृत्तीनंतर खेळाचा तास घरामागे आणला, एवढाच फरक.

त्या मागच्या अंगणात आसपासच्या मुली थ्रोबॉल खेळायच्या. भाड्याने मिळणारी टर्फं जवळ होती, पण संध्याकाळी तिथे मुलांचं क्रिकेट चाले. मुलींना जागा मिळायची ती भर दुपारी.

“दुपारी काय पापड वाळत घालायचेत?” बाई म्हणायच्या.

अंगणाची अडचण ओलीची होती. नदी जवळ, वर फणसाची सावली, तिन्ही बाजूंना भिंती. शेवाळ खरवडून काढलं तरी काही दिवसांत जमीन पुन्हा हिरवी व्हायची. एका संध्याकाळी प्राची घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तिची आई वैशाली ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. ती भांडली नाही. “बाई, आता नको,” एवढंच म्हणाली. मग एकेक करून बाकीच्या आयांनीही मुलींना पाठवणं थांबवलं.

भिंतीपलीकडे शांतता झाली. बाई मात्र ठरलेल्या वेळी बूट घालून मागच्या पायरीवर बसायच्या. मी एकदा विचारलं, “कुठे निघालात?”

“कुठे नाही. माझा तास आहे.”

जमीन सुकत नसेल तर जमिनीच्या वर खेळायचं, असं बाईंनी ठरवलं. कोपरीहून एक ठेकेदार आले. सिमेंटचे ठोकळे, त्यांवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर भोकं पाडलेले बोर्ड आणि सगळ्यात वर कृत्रिम गवत, असं कोर्ट उभं राहिलं. जमिनीपासून वीतभर उंच, खालून वारा खेळता. वर पडलेलं पाणी भोकांतून खाली जाणार होतं. काम चालू असताना बाई शिट्टी घालून हजर असायच्या. कामगारांचा चहा शिट्टीवर सुरू व्हायचा आणि शिट्टीवरच संपायचा.

“टीचर, आम्हाला पण पळवणार का?” ठेकेदारांनी विचारलं.

“पोट बघा आधी. पळवायलाच हवं.”

काम संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्या आयांना कोर्ट बघायला बोलावलं. मी भिंतीवरून पाहिलं, तर बाई कळशी काखेत घेऊन टर्फवर सडा घालत होत्या. ओंजळीने पाणी शिंपडत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालल्या होत्या. रोज सकाळी अंगणात करायच्या, अगदी तसं.

ठेकेदार फाटकातून आत आले आणि जागीच थांबले. “अहो टीचर! ओल लागू नये म्हणून एवढं उंच केलं, आणि तुम्ही वरून ओतताय?”

बाईंनी हातातल्या कळशीकडे पाहिलं. आपण काय करतोय हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. पण माघार घेणं त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

“अंगण आहे. माणसं यायचीत. सडा नको?”

“मग रांगोळी पण काढा!”

“काढली असती. मुली पुसतील.”

तेवढ्यात आया आल्या. वैशालीने चपला काढल्या आणि अनवाणी फेरी मारली. सडा सगळीकडे झिरपून गेला होता. फणसाखालच्या कोपऱ्यात मात्र तिचा पाय सरकला. भिंत धरली म्हणून ती पडली नाही. पावलाखाली पाणी पचपचलं.

“बाई, इथे तर तसंच आहे.”

“एवढं चालतं हो,” ठेकेदार म्हणाले. “वाळू भुरभुरतो. दुपारपर्यंत सुकेल.”

सगळ्या आया बाईंकडे बघत होत्या. याच बायका परत याव्यात म्हणून एवढा खटाटोप चालला होता. बाईंनी ‘चालेल’ म्हटलं असतं, तर निम्म्या तरी तयार झाल्या असत्या.

बाईंनी शिट्टी वाजवली आणि सवयीने हात वर केला. “कोर्ट आऊट. आज कुणी खेळणार नाही. वैशाली, पाय बरोबर जागी पडला तुझा.”

आया परत गेल्या. ठेकेदारांनी कोपऱ्यातलं गवत उचकटलं. गवत चिकटवायचं सोल्यूशन तिथे जास्त पडलं होतं, त्याने बोर्डाची भोकं बुजली होती. त्यांनी बोर्ड बदलला, गवत पुन्हा बसवलं आणि जाताना म्हणाले, “आता प्रत्येक कामावर सडा घालावा लागणार.”

“घाला. रांगोळी ऐच्छिक.”

दुसऱ्या दिवशी कळशी वैशालीने आणली. तिने ती फणसाखालच्या कोपऱ्यात सगळीच्या सगळी ओतली आणि उकिडवी बसून बघत राहिली. बाई मागे उभ्या होत्या, शिट्टी मुठीत आवळलेली. पाणी गवतात शिरलं. मग खाली जमिनीवर ठिबकण्याचा आवाज आला, तो भिंतीपर्यंत ऐकू आला. वैशालीने त्या जागी पाय दाबून पाहिला.

“संध्याकाळी पाठवते,” ती म्हणाली.

 बाई आत जाऊन बूट घालून आल्या. सकाळ होती.

संध्याकाळी प्राचीने पहिला बॉल दोन्ही हातांनी नीट झेलला. टाळ्या पडल्या. “पाय!” बाई ओरडल्या.

यंदा बाई नाहीत. त्यांच्या भाच्याने मागचं फाटक उघडं ठेवलं आहे. मुली येतात, शिट्टी आता वैशालीकडे असते. सकाळी ती कळशी घेऊन येते, टर्फवर सडा घालते आणि राहिलेलं पाणी फणसाखाली ओतते.

परवा मी भिंतीवरून विचारलं, “गेलं का पाणी?”

तिने वर पाहिलं नाही. “थांबा,” म्हणाली. चप्पल काढली आणि कोपऱ्यात पाय ठेवला.