आबांचं कनेक्शन पिवळंच राहिलं

बातमी आली तेव्हा मी दोंडाईच्यात आमच्या टॉवरखाली उभा होतो. मे महिना, लोखंडाला हात लावायची सोय नाही. फोन बैसाणे अक्कांचा होता. एरवी त्यांचा फोन यायचा तो लेकीशी बोलताना चित्र अडकतंय हे सांगायला, म्हणून मी सवयीने बोलून गेलो, "बघतो अक्का, जरा ऊन उतरू द्या." मग त्या म्हणाल्या, "आबा ग्यात रे भाऊ…" मी तिथेच खाली बसलो. त्यांच्या दुःखाच्या पहिल्या शब्दाआधी माझं ठरलेलं उत्तर त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्या दिवशीची लाज तिथूनच सुरू झाली.

बैसाणे आबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माझा व्यवसाय छोटा: टॉवरवरून टॉवरवर रेडिओने इंटरनेट नेऊन शिंदखेडा तालुक्यात घराघरांत पोचवायचं. घरगुती गिऱ्हाइकांवर माझं बरं चाललं होतं, पण दवाखाने, कॉलेजं दारात उभं करीनात. त्यांना हवी होती कॅरिअर इथरनेटच्या मानकात बसणारी लाइन, म्हणजे किती वेग नक्की मिळेल, किती उशीर होईल, वाटेत किती गळेल, हे आधी सांगून तसं पाळणारी. मी त्या मानकाचं प्रमाणपत्र मिळालेली यंत्रं मागवली आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यातलं एक घेऊन जळगावला मेहरूणमध्ये आबांच्या घरी गेलो. त्यांनी डब्यावरचा स्टिकर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "प्रमाणपत्र डब्याला मिळालंय, शहाण्या. तुला कोणी दिलं?" मग डबा उचलून थेट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. भर दुपारी. "तिकडे लॅबमध्ये एसी असतो. तुझ्या टॉवरवर आहे का?" डोक्यावर ओला टॉवेल टाकून ते त्या भट्टीत बसून राहिले, आणि मला वाटलं, म्हातारा आज माझ्याही जिवावर उठलाय. अक्का खालून ओरडत होत्या, ताकाचा तांब्या वर पाठवत होत्या आणि पुन्हा ओरडत होत्या. डबा तापला तसा त्याचा वेग उतरला, आणि आबांचा चेहरा खुलला. "आता कळलं तुला, शब्द किती द्यायचा ते."

त्या मानकात गर्दी झाली की आधी कोण जाणार हे ठरवायला डेटाच्या पाकिटांना रंग देतात, हे मला पुस्तकात वाचून कधी कळलं नव्हतं. आबांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. हिरवं म्हणजे शब्द दिलेला, ते गेलंच पाहिजे. पिवळं म्हणजे जमलं तर. आणि लाल म्हणजे नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते आबा कसले… त्यांची एक अट होती. ज्याला लाइन द्यायची त्याच्यासमोर बसून हे तिन्ही रंग आपल्या तोंडाने सांगायचे. कागदावर लिहिलेलं चालायचं नाही. शिंदखेड्यातल्या एका दवाखान्यात मला ते स्वतः घेऊन गेले. तिथून सीटी स्कॅनची चित्रं धुळ्याच्या डॉक्टरांकडे वाचायला जायची असत. मी हिरवं सांगितलं, पिवळं सांगितलं आणि खुर्चीवरून उठायला लागलो. आबांनी माझी बाही ओढली. "लाल राहिलं. नाही म्हणायला लाज वाटते का?" डॉक्टर हसले. मी कानापर्यंत लाल झालो आणि जे मिळणार नाही तेही सांगितलं. ते कनेक्शन मला मिळालं आणि आजही आहे. त्याच्या आधाराने पुढची चार माणसं माझ्याकडे आली.

पुढे तब्येत ढासळली तसे आबा आणि अक्का शिंदखेड्याला, आपल्या गल्लीत परतले. त्या गल्लीत मोबाइलची रेंज आली तर आली, म्हणून मी माझी लाइन दिली. दवाखानाही त्याच टॉवरवर. लेक उज्ज्वला कॅनडात, तिच्याशी रोज संध्याकाळी बोलणं. स्टीलच्या डब्याला टेकवून टॅबलेट ठेवायचा, शेजारी आबांची प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पाठीवर तो ओला टॉवेल. चित्र अधूनमधून अडकायचं. मी किती वेळा म्हणालो, "आबा, तुमची लाइन हिरवी करून टाकतो, तुमच्यामुळे तर सगळं उभं राहिलं." ते अक्कांकडे बघून आपल्या बोलीत म्हणायचे, "जे बठ्ठासले, तेच आपलेबी." गल्लीतली सगळी घरं पिवळी, तर आबाही पिवळे. अक्का चिडायच्या. उज्ज्वला अर्ध्या अडकलेल्या चेहऱ्याने हसायची.

त्यांना अखेरचं न्यायच्या दिवशी उज्ज्वला येऊ शकली नाही. दिवस भरत आले होते, विमानात बसणं शक्यच नव्हतं. अंगणात पांढऱ्या चादरीवर आबा, उशाशी मेणबत्त्या, भंतेजींचं त्रिशरण-पंचशील सुरू. समोर खुर्चीवर टॅबलेट, त्यात उज्ज्वला. आणि ऊन. इतकं, की टॉवरवरचा रेडिओ तापून त्याची ताकद उतरत गेली आणि शेवटी जेमतेम हिरवं मावेल एवढीच जागा उरली. तिचा आवाज तुटला, मग चित्र थांबलं. मी बाजूला भिंतीशी लॅपटॉप उघडून बसलो. दवाखान्याची लाइन भरून वाहत होती, कोणाचा तरी स्कॅन धुळ्याला चालला होता. आबांच्या सांगण्याबरहुकूम सगळं चाललं होतं. प्रमाणपत्रात लिहिलंय तसंच यंत्र वागत होतं, हिरव्यातलं एकही पाकीट गळत नव्हतं, आणि आबांचा चेहरा वाटेत टाकून देत होतं.

दवाखान्याचं थोडंसं काढून घेतलं असतं की भागत होतं. एक ओळ बदलायची होती. माझं बोट त्यावर होतं. अक्का जवळ आल्या, माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "पोरले बापनं तोंड दखाडी दे रे भाऊ…" मी म्हणालो, "प्रयत्न करतोय अक्का." मी काहीही करत नव्हतो. करायचं नाही हे माझं ठरलं होतं, आणि तरी मी उगीच बटणं दाबत राहिलो, घाम पुसत राहिलो, लोकांना दिसेल असा. आबांना उचललं तेव्हाही मी लॅपटॉपवरच वाकलेलो होतो. खांदा द्यायला उठलो तो सर्वांच्या मागून.

दवाखान्याचं मी काढून घेतलं नाही, याची मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आबांच्या पुतण्याने माझं नाव घेऊन सांगितलं, "हा माणूस शेवटपर्यंत झटत होता." लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला. मला तो सोडवून घेता आला नाही. ज्या माणसाने मला 'नाही' म्हणायला शिकवलं, त्याच्या फोटोसमोर मी 'नाही' गिळून उभा होतो.

उज्ज्वलाचा फोन आला तो बाळंत होऊन घरी गेल्यावर. मुलगी झाली. पुतण्याने पाठवलेला अंत्यविधीचा व्हिडिओ तिने अजून उघडला नव्हता. म्हणाली, "दादा, चित्र थांबलं तेव्हा स्क्रीनवर बाबा नव्हतेच. कोणीतरी टॅबलेट हलवला असेल… तुम्ही होतात. मान खाली घालून, लॅपटॉपवर. बराच वेळ तेच दिसत होतं. मी मनात म्हणत होते, दादा जोडतायत, आता जोडतील." मग मात्र मला राहवलं नाही. मी सांगितलं, जोडत नव्हतो. लाइन दवाखान्याची होती, मी हात लावला नाही, आणि लावणारही नव्हतो. बाळाचं कुरकुरणं तेवढं ऐकू येत होतं.

"बाबांनीही लावू दिला नसता," ती शेवटी म्हणाली. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण त्यांनी मला सांगितलं असतं, दादा. 'बेटा, आज नाही' असं. म्हणजे मी डोळे मिटून निरोप घेतला असता. मी स्क्रीनकडे बघत बसले." आणि मग, "आईला सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. तोंडाने."

सांगतो म्हणालो आणि टाळत राहिलो. पोळ्याआधी एकदा शिंदखेड्याला गेलो होतो, संध्याकाळी अक्कांकडे डोकावलो. टॅबलेट त्याच डब्याला टेकलेला, शेजारी आबांची रिकामी खुर्ची. नात दिसत होती, जांभई देत होती, आणि जांभई अर्ध्यावरच थांबली. अक्कांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर टॉवर तपासला, दवाखान्याची लाइन भरून वाहत होती. 'बघतो अक्का' हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते… मी म्हणालो, "आज नाही दिसणार, अक्का. दवाखान्याचं काम चालू आहे. त्यांचं थांबवता येत नाही."

अक्कांनी मान हलवली. टॅबलेटकडेच बघत त्यांनी विचारलं, "त्या दिनबी असंच व्हतं का रे भाऊ?"

"हो, अक्का."

त्या रागावतील असं वाटलं होतं, रडतील असं वाटलं होतं. त्या उठल्या. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलून मोरीत गेल्या, नळाखाली धरला, पिळला, आणि परत आणून नीट दोन्ही टोकं जुळवून तिथेच टाकला, जसा त्या रोज टाकतात. मग मला म्हणाल्या, "बस," आणि बोटाने खुर्ची दाखवली. त्यावर बसायचा धीर मला झाला नाही. मी खाली, फरशीवर बसलो. टॉवेलाचं पाणी थेंब-थेंब माझ्या शेजारी पडत होतं.