अंगणात काढलेल्या विहिरी

पाटलाच्या घरून ताकाचा तांब्या आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. धारूरकडच्या डोंगराळ भागातल्या त्या गावात मी मास्तर म्हणून आल्यापासून कुणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. मग आजच हे प्रेम कुठून उतू चाललं? तांब्यामागोमाग पाटील आलाच.

"मास्तर, पोरं अंगणात हिरी काहून काढायलीत?"

आता त्याला काय सांगायचं? निजामाचं राज्य, शाळेत शिकवायचं उर्दूतून, आणि पोरांच्या घरात उर्दूचं नाव नाही. मी 'कुआँ' म्हणायचो, पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. पाठ करून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. शेवटी वैतागून मी शाळेपुढच्या सारवलेल्या अंगणात राखेनं आणि गेरूनं सगळं गावच काढायला लावलं. ज्यानं त्यानं आपलं शेत, आपली विहीर, आपलं आंब्याचं झाड काढायचं, त्यावर उभं राहायचं आणि उर्दूत नाव सांगायचं. रोज सकाळी पोरं पुसट झालेलं पुन्हा गिरवायची. आणि काय सांगू, मुकी पोरं बोलायला लागली! मी त्या अंगणावर बेहद्द खूश होतो.

"शिकवायला," मी पाटलाला म्हटलं.

"तुमी सरकारचे, पगार सरकारचा, अन् चित्र आमच्या शिवाराचं," पाटील म्हणाला. "हीर दिसली की शेत बागायतात धरत्यात. शेतसारा वाढतो. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

म्हणजे मी मोजणीचा हेर! मी ताक तसंच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी गाव गिरवलं, त्यात एकही विहीर नव्हती. आंबे गेले, त्या जागी बाभळी आल्या. घराघरांत कान पिरगाळलेले दिसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तपासनीस साहेब येणार होते आणि पोरांना बोलता आलं नाही, तर शाळा शेजारच्या गावाला जायची होती. पाटलाला तेच हवं असणार, अशी माझी खात्री झाली.

साहेब आले. गावातले बाप्ये कुंपणाच्या भिंतीला टेकून, मी काय चुगली करतो ते बघत उभे राहिले. साहेबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "तुम्हारे गाँव में कुएँ कितने हैं?"

"एक भी नहीं, साहब!" सगळ्या पोरांनी खणखणीत उत्तर दिलं.

काय सुरेख उर्दू! मला पोरांच्या पाठीवर शाबासकी द्यावीशी वाटली आणि त्यांच्या बापांना बदडावंसं वाटलं.

मग साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. भिंतीजवळचा एकही माणूस हलेना. पाणी आणलं की विहीर आली. साहेब वाट बघून म्हणाले, "जहाँ पीने को पानी नहीं, वहाँ मदरसा कैसे चलेगा? इसे दूसरे गाँव ले जाएँगे।"

पाटलाचा नातू ओरडला, "आज्या, साळा न्यायलेत दुसऱ्या गावाला!"

पाटील तडक अंगणात आला. राखेची मूठ घेऊन त्यानं ठसठशीत गोल काढला, तो चुलतभावाच्या शेतात. "ही हाय की हीर! लई पानी हाय."

चुलतभाऊ धावून आला. "अन् तुझ्या मळ्यातली कुठं गेली बे?" त्यानं पाटलाच्या मळ्यात गोल काढला. मग काय, जो तो भावकीतल्या दुसऱ्याची विहीर काढायला लागला. इतका खरा नकाशा पोरांनीही कधी काढला नव्हता.

हसत हसत पाणी आलं. साहेब प्याले, अंगणाभोवती सावकाश फिरले आणि शिपायाला म्हणाले, "काग़ज़ लाओ। यह नक़्शा उतार लो, तहसील में काम आएगा।"

हसणं थांबलं. पाटलानं माझ्याकडे पाहिलं. ज्याला मी मूर्ख ठरवलं होतं, तो बरोबर निघाला होता. माझी भाकरी त्या साहेबाच्या हातात होती. तरी मी भरलेली घागर उचलली आणि सगळ्या शिवारावर उपडी केली.

"साहब, सबक ख़त्म हुआ तो हम तख़्ती धो देते हैं," मी म्हटलं. पोरं लगेच पायांनी राखेचा चिखल करायला लागली.

साहेब चिडले नाहीत. घोड्यावर बसताना मला आणि भोवतीच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "बच्चों की ज़बान अच्छी है। मदरसा यहीं रहेगा। तुम्हारा तबादला होगा।"

पाटील लगबगीनं आला. "काय म्हनले?"

"शाळा इथंच राहणार."

"अन् आजून? तुमी कायतरी लपवायलाव, मास्तर." त्यानं नातवाला पुढं ओढलं. "सांग रं, साहेब आजून काय म्हनला?"

नातू गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. बदलीचं चित्र काढता येत नव्हतं, म्हणून 'तबादला' हा शब्द मी पोरांना कधी शिकवलाच नव्हता.