दाजींची नाव अजून वाळायची आहे

माझ्या दाजींइतका पाण्याचा संशय घेणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. आणि अशा माणसाने रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नाव बांधायला घेतली. कारण सरळ होते. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, अलीकडच्या गावात दिली होती आणि आमचे घर पलीकडच्या काठावर. मधे बंधाऱ्याचे तुंबलेले पाणी. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरासाठी तिला पुलापर्यंत जाऊन, एसटी बदलून, अर्धा परभणी जिल्हा पाहत माहेरी यावे लागे. "तुला नावेनं नेतो," दाजी म्हणाले, आणि पत्र्याच्या दोन लांबलचक बंद टाक्या, त्यांवर फळ्या, अशी ती नाव अंगणात उभी राहिली.

राहिली ती राहिलीच. टाकीत गळती नसावी एवढेच त्यांचे म्हणणे होते, पण त्या म्हणण्याला शेवट नव्हता. प्रत्येक टाकीला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता. सकाळी पंपाने हवा भरायची, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि डोळ्यांत तेल घालून बुडबुड्याची वाट पाहायची. घरातला कपड्यांचा साबण नावेला लागे. अक्का दगडावर कपडे नुसतेच आपटत बसे. बुडबुडा दिसला की खडूची खूण, मग स्वतःच्या हाताने कथलाचे झाळण, मग शेंदरी रंग, मग डांबर. वेल्डरवर त्यांचा विश्वास नव्हता. "एक भोक बुजवतंय अन् शेजारी दुसरं पाडून ठिवतंय," म्हणायचे. एकदा पंप पुरेना म्हणून त्यांनी ट्रकच्या पंक्चरवाल्याला त्याच्या यंत्रासकट अंगणात आणून हवा भरून घेतली. टाकीचा चांगला सांधा फाटकन उकलला, शेळ्या दावी तोडून पळाल्या, आणि दाजी समाधानाने म्हणाले, "बघा! मी म्हणलो नव्हतो, हितं कच्चं हाय म्हणून?"

ही नजर घरापुरती नव्हती. लग्नात ते नवरदेवाआधी पाण्याच्या टाकीची तोटी पाहायचे. सांत्वनाला गेले तरी बोलता बोलता मान वर करून छताचा ओला डाग शोधायचे. चहाची बशी उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाच्या घरी चहा घेतलेला मला आठवत नाही.

अधूनमधून नाव पाण्यात जाई, पण रिकामीच. तासाभराने ती काठावर ओढायची, कलती करायची, टाकीच्या तळाचे बूच उघडायचे. चार थेंब आले की नाव अजून वाळली नाही म्हणायचे, आणि पुन्हा साबण.

"दाजी, पत्र्याला आतून घाम येतो तो," शेजारचा मासेवाला म्हणे. "नाव सोडा आता, न्हाईतर नदी आटंल."

"घाम का गळती, हे नदी इचारीत न्हाई गड्या. माझं माणूस बसणार हाय हिच्यात."

पलीकडून आमची आई दर फोनला विचारायची, "जावईबापूंची नाव वाळली का?" अक्का म्हणायची, "वाळायलीय, आई."

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले. अंगणात एका टाकीवर खडूची ताजी खूण होती. दुखवटा संपल्यावर विधवा बहिणीला भावाने माहेरी न्यायची रीत. मी जीप घेऊन गेलो. अक्का पिशवी घेऊन नावेपाशी उभी.

"आई थकली, बाबू. लय वाट बघितली तिनं. हिच्यातूनच जायचं," ती म्हणाली.

मासेवाल्याने खुणेवर डांबर थापले, आम्ही नाव पाण्यात लोटली आणि त्याने वल्ही घेतली. अक्का फळीच्या मधोमध बसली, मी तिच्या मागे. वाटभर ती पलीकडचा काठ पाहत नव्हती. डावी-उजवी टाकी आळीपाळीने निरखत होती, हुबेहूब दाजींसारखी. काठावर खुर्ची टाकून आई बसली होती. "वाळली म्हणायची एकदाची," ती म्हणाली आणि लेकीचा हात बराच वेळ सोडेना.

मग अक्का उठली. आम्हा दोघांना नाव काठावर ओढून कलती करायला लावली आणि स्वतः बूच फिरवले. चार थेंब आले. तिने ते पदराने टिपले, बूच घट्ट बसवले आणि आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नको हं, बाबू. न्हाईतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील."