शंभर रुपयांची कपात

पगारातून टॅक्स कापला गेला की तुम्ही फोनवर कुरकुरता आणि मला हसू येतं. ही कुरकुर तुमच्या पणजोबांपासून, म्हणजे माझ्या बाबांपासून चालत आली आहे. ते मात्र ती विधानसभेत उभं राहून करत.

बाबा आमदार होते. आपला चांदा जिल्हा तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि विधानसभा नागपूरला भरे. नव्या कराला बाबांचा विरोध ठरलेला. नव्या खर्चाला त्याहून मोठा. घरी पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा करायचा तर आई म्हणे, "थांबा, आधी मतदान घ्यावं लागेल."

अंदाजपत्रकाचे जाड ग्रंथ इंग्रजीत असत. मी नुकतीच बी.ए. झाले होते. ते वाचून पानांना खुणा लावणं आणि बाबांच्या सूचना टाइप करणं, ही कामं माझ्याकडे आली. मला ती मनापासून आवडत.

गडचिरोलीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गावी सरकारी दवाखाना होता. इमारत होती, पाटी होती, नर्सची जागा मात्र वर्षभर रिकामी. सभागृहात अशी तक्रार मांडायची एक रीत होती: त्या खात्याने खर्चाला मागितलेल्या रकमेत शंभर रुपये कमी करा, अशी सूचना द्यायची. पैसे खरोखर कोणालाच कापायचे नसत. त्या निमित्ताने बोलायला मिळे, मंत्री आश्वासन देत आणि सूचना मागे घेतली जाई. मी सूचना टाइप केली आणि आमच्या गावच्या साप्ताहिकाला दोन ओळींची बातमी पाठवली: दवाखान्याच्या प्रश्नावर आमदारांनी आरोग्य खात्यात शंभर रुपयांची कपात सुचवली आहे. रीत समजावून सांगायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या रविवारी बाबा घरी होते. अंगणात बैलगाडी येऊन थांबली. तिच्यातून त्या गावच्या पाटलाची बायको उतरली आणि मागून दोन माणसांनी पोती उतरवली.

"भाऊ," ती बाबांना म्हणाली, "गुरुजीनं पेपर वाचून दाखवला. तुमी आमच्या दवाखान्याचे शंभर रुपये कापून राह्यले म्हने?"

"हो, म्हणजे तसं..."

"काऊन कापता? सरकारले कमी पडत असन तर सांगाचं ना! हे घ्या. मोहफुलं हायेत, डिंक हाये, गेल्या सालची चारोळी हाये. शंभराच्या वर जाईन बाजारात. उरलं तर वापस द्या."

आई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. चूक माझी होती, म्हणून मीच पुढे होऊन सगळी रीत क्रमाने सांगितली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हनजे पाहिजे नर्स, अन् मांगता कपात?"

"हो."

"लय शिकली तू बाई! आमी देवाले लेकरू मांगाले जातो, तं आमची गाय ने म्हनून नाई सांगत." ती हसली, मग एकदम थांबली. "माह्या सुनेले आठवा महिना लागला. पहिलं लेकरू हातातच गेलं तिचं. तुमची रीत होईपर्यंत पोट थांबनार नाई, भाऊ."

पोती परत गाडीत चढली. ओंजळभर चारोळी मात्र बाईंनी आईच्या हातात ठेवलीच. गाडी गेल्यावर बाबा मला म्हणाले, "माझं भाषण पुन्हा टाइप कर. छोटं."

त्या आठवड्यात मी नागपूरला प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. बाबा उठले. "सूचना कपातीची आहे, पण मी मागायला उभा आहे. एक नर्स, याच महिन्यात."

समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "प्रत्येक कराला विरोध करता, मग नर्सचा पगार कुठून द्यायचा?"

"पडद्यांतून," बाबा म्हणाले. "याच पुस्तकात कचेरीच्या पडद्यांसाठी आणि गालिच्यांसाठी तरतूद आहे. पानाला माझ्या मुलीनं खूण केलीय. खिडकीला पडदा नसला म्हणून कोणी मरत नाही."

सभागृह हसलं, मंत्रीही हसले आणि त्यांनी आश्वासन दिलं. आता रीतीप्रमाणे सूचना मागे घ्यायची. बाबा उभेच राहिले. "आधी तारीख सांगा." मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याशी कुजबुज केली आणि तारीख सांगितली. मग बाबा बसले.

नर्सबाई त्या तारखेला निघाल्या. लाकूड आणायला जंगलात जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी, ट्रंक मांडीवर घेऊन. तीन आठवड्यांनी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. पाटलांच्या सुनेला मुलगी झाली होती. मूल आडवं होतं, बाळंतपण कठीण गेलं, पण आता मायलेकी ठीक होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नर्सबाईंना राहायला खोली नाही, त्या पाटलांच्या ओसरीवर झोपतात. तरी तेवढ्या खोलीचं आमदारसाहेबांनी बघावं.

बाबांनी कार्ड दोनदा वाचलं. "बघ, एका खर्चाला हो म्हटलं की हे असं होतं," असं पुटपुटत त्यांनी चष्मा पुसला आणि खोलीला किती विटा लागतात ते विचारायला गवंड्याकडे निघाले.