उडणाऱ्या पोराचा आवाज

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या जयाताई वाघमारे टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. पुढे लोकांना घरूनच परगावचे नंबर फिरवता येऊ लागले आणि त्यांच्या आवाजाचं काम संपलं. खात्याने त्यांना बिलांच्या टेबलावर बसवलं, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. मग खाजगी वाहिन्या आल्या, परदेशी सिनेमे मराठीत बोलू लागले आणि एका स्टुडिओने जयाताईंना बोलावलं. आकाशात उडणाऱ्या, पडत्या इमारती पेलणाऱ्या एका पोराला त्यांनी आवाज दिला. पोरांचे आवाज बहुतेकदा बायकाच देतात, कारण खरी पोरं माइकसमोर टिकत नाहीत. पडद्यावर नाव येत नसे आणि जयाताईंनीही कुणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण स्टुडिओतून त्या घसा बसवून यायच्या आणि काढा मी करून द्यायचे.

तिसऱ्या सिनेमात त्या पोराला मिसरूड फुटलं. स्टुडिओने कुणीतरी कॉलेजकुमार आणला आणि जयाताईंना फोन केला, "ताई, आता तुम्ही आराम करा." आराम करा म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. निवृत्त बाईने आणखी किती आराम करायचा?

सिनेमा लागला आणि चाहते इंटरनेटवर खवळले. हा कोण ठोंब्या बोलतोय, आमचा जुना पोरगा परत आणा. जयाताई तोवर कंटाळून गेल्या होत्या, पेपरही धड वाचत नसत. या आरड्याओरड्याने मात्र त्यांच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली.

"एवढे जण म्हणतायत, तर बोलावतील का हो मला?" त्या विचारायच्या. मी "बोलावतील" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

ओरडणाऱ्यांत आमच्या खालच्या मजल्यावरचा सलील सगळ्यांच्या पुढे. आयटीतला घोडा, पण त्या पोराचं नाव काढलं की लहान व्हायचा. एका रविवारी तो मोबाइल घेऊन जयाताईंकडे आला. मी तिथेच चहा पीत होते.

"काकू, ऑनलाइन पिटिशन आहे. जुन्या मुलाला परत घ्या म्हणून स्टुडिओला पाठवतोय. तुमचं नाव टाकू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जयाताईंनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या सिनेमातलं वाक्य म्हटलं, "आई, खिडकी उघडी ठेव, मी वरून येतो."

सलील खूश झाला. "भारी काकू, मिमिक्री सही करता. पण ओरिजनल ते ओरिजनल. तो मुलगा खरा वाटायचा. तुमच्यात वय कळतं ना."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण ते मलाही ऐकू आलं होतं, आणि जयाताईंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला मान वर करता आली नाही.

"मग टाकू ना नाव?" सलीलने विचारलं.

"नको रे," जयाताई म्हणाल्या. "त्या मुलाचा आवाज आता फुटला असेल. त्याला परत बोलावू नका."